चौरसियांची चार विजेतेपदे आणि गोल्फच्या मैदानाचे कुंपण

गोव्यात गोल्फ हा विषय क्रीडापानावर क्वचितच येतो. तो येतो जमिनीच्या बातम्यांतून. नव्वदच्या दशकात गोल्फ पर्यटनाच्या कल्पनेला राज्यातील जागरूक गटांनी विरोध केला. पुढे पेडणे तालुक्यातील तेरेखोलच्या प्रस्तावित गोल्फ प्रकल्पावरून कुळांचे हक्क, काजूच्या बागायती आणि गावाचे अस्तित्व असे प्रश्न उभे राहिले व वाद न्यायालयापर्यंत पोहोचला. अशा प्रत्येक वेळी प्रकल्पाच्या बाजूने एक आश्वासन ठरलेले असते : स्थानिकांना रोजगार मिळेल. मैदानाची निगा राखायला माणसे लागतात, पाहुण्यांच्या बॅगा वाहायला माणसे लागतात, हे खरेच आहे. मात्र त्या माणसांच्या मुलांना त्या हिरवळीवर खेळता येईल का, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या आयुष्यात सापडते, असा एक भारतीय गोल्फपटू आहे. शिव शंकर प्रसाद चौरसिया, म्हणजेच एस. एस. पी. चौरसिया. युरोपियन टूरवर चार विजेतेपदे, लागोपाठ दोन इंडियन ओपन, रिओ ऑलिम्पिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व आणि २०१७चा अर्जुन पुरस्कार, ही त्यांची कमाई. त्यांची कथा ‘माळ्याचा मुलगा विजेता झाला’ अशा एका ओळीत सांगितली जाते. ती ओळ खोटी नाही, पण अपुरी आहे.

हिरवळीच्या कडेचे शिक्षण

चौरसिया यांचा जन्म १९७८चा, कोलकात्याचा. त्यांचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये हिरवळीची निगा राखण्याचे काम करीत. हा क्लब १८२९ साली स्थापन झाला. ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब म्हणून तो ओळखला जातो. साम्राज्याच्या अधिकाऱ्यांनी स्वतःसाठी उभारलेली ही संस्था स्वातंत्र्यानंतर शहरातील उद्योगपती, वरिष्ठ अधिकारी आणि प्रतिष्ठितांकडे आली. सभासद बदलले, कुंपण तसेच राहिले.

त्या कुंपणाच्या आत चौरसिया कुटुंबाचा वावर होता, तो चाकरीच्या नात्याने. मुलाने दहाव्या वर्षाच्या सुमारास हातात काठी धरली. पुढे त्याने कॅडीचे काम केले, म्हणजे खेळाडूची बॅग वाहायची, चेंडू शोधायचा आणि अंतराचा अंदाज सांगायचा. प्रशिक्षकाची शिकवणी परवडण्याचा प्रश्नच नव्हता. इतरांचे फटके पाहायचे आणि जागा मिळेल तिथे तसेच मारून बघायचे, एवढीच शाळा. १९९७मध्ये, वयाच्या विशीत प्रवेश करण्याआधीच, चौरसिया व्यावसायिक झाले.

या शाळेची छाप त्यांच्या खेळावर कायम राहिली. गोल्फमध्ये कमीत कमी फटक्यांत चेंडू भोकात घालायचा असतो. लांब अंतराच्या फटक्यांसाठी मोकळे मैदान, भरपूर चेंडू आणि चांगली साधने लागतात. याउलट हिरवळीच्या जवळून चेंडू अलगद उचलणे, म्हणजे ‘चिप’, आणि हिरवळीवरून तो भोकाकडे सरकवणे, म्हणजे ‘पट’, या कौशल्यांना थोडी जागा आणि पुष्कळ चिकाटी पुरते. चौरसिया दूरवर चेंडू मारणाऱ्यांत कधीच गणले गेले नाहीत. जवळच्या खेळात मात्र त्यांचा हात असा बसला की सहकाऱ्यांनी त्यांच्या आडनावाची गंमत करून त्यांना ‘चिपुट्सिया’ म्हणायला सुरुवात केली. परिस्थितीने जेवढे शिकू दिले, तेवढ्यात त्यांनी प्रावीण्य मिळवले.

दिल्ली, २००८

व्यावसायिक गोल्फमध्ये पगार नसतो. चार दिवसांच्या स्पर्धेत पहिल्या दोन दिवसांनंतर ठरावीक क्रमांकापर्यंतचेच खेळाडू पुढे जातात. यालाच ‘कट’ म्हणतात. कट हुकला की बक्षिसाची रक्कम शून्य, आणि प्रवास, निवास व कॅडीचा खर्च मात्र खेळाडूच्याच खिशातून जातो. घरची शिल्लक नसलेल्या खेळाडूला वाईट हंगाम परवडत नाही. चौरसिया यांची सुरुवातीची दहा-अकरा वर्षे देशांतर्गत स्पर्धांत आणि आशियाई टूरवर याच हिशेबात गेली. १९९९मध्ये, एकविसाव्या वर्षी, ते इंडियन ओपनचे उपविजेते झाले होते, पण त्या यशाने दारे उघडली नाहीत.

फेब्रुवारी २००८मध्ये युरोपियन टूरची स्पर्धा प्रथमच भारतात झाली. दिल्ली गोल्फ क्लबवरील इंडियन मास्टर्सची एकूण बक्षीस रक्कम २५ लाख डॉलर होती आणि एर्नी एल्ससारखे मातब्बर मैदानात उतरले होते. चौरसिया यांनी ही स्पर्धा दोन फटक्यांच्या फरकाने जिंकली. दिल्लीच्या त्या मैदानावर खेळपट्ट्या अरुंद आहेत आणि दोन्ही बाजूंना दाट झुडपे आहेत. तेथे ताकदीपेक्षा अचूकतेला मोल असते. चौरसिया यांचा खेळ या मैदानाला नेमका मानवला.

हा योगायोग नव्हता, हे २०११मध्ये दिसले. त्या वर्षी त्यांनी अवंता मास्टर्स जिंकली. इंडियन ओपनने मात्र हुलकावणी देणे सोडले नाही. चार वेळा ते उपविजेते राहिले. २०१५मध्ये तर विजय हाताशी आला असताना अनिर्बन लाहिरी यांनी शेवटच्या दिवशी सात फटक्यांची पिछाडी भरून काढली आणि बरोबरीनंतरच्या निर्णायक खेळात त्यांना हरवले. पुढच्याच वर्षी त्याच मैदानावर चौरसिया यांनी लाहिरींना मागे टाकून करंडक उचलला. २०१७मध्ये स्पर्धा गुरुग्रामच्या खडतर मैदानावर गेली, तेव्हा त्यांची सद्दी संपेल असे अनेकांना वाटले. ती स्पर्धा त्यांनी सात फटक्यांनी जिंकली.

एकाच हिरवळीवर येणाऱ्या दोन वाटा

२०१५ची ती निर्णायक लढत भारतीय गोल्फच्या रचनेविषयी बरेच काही सांगते. लाहिरी यांचा जन्म पुण्याचा, वडील लष्करात डॉक्टर. देशातील अनेक छावण्यांना लागून लष्कराची गोल्फ मैदाने आहेत आणि अधिकाऱ्यांच्या मुलांना ती लहानपणापासून खुली असतात. ज्योती रंधावा, शुभंकर शर्मा, दीक्षा डागर ही नावेही लष्करी कुटुंबांतूनच आली. ही एक वाट.

दुसरी वाट कॅडींची. इंडियन ओपन १९६४मध्ये सुरू झाली. तिच्यावर भारतीय व्यावसायिकाचे नाव कोरले जायला १९९१ उजाडले, आणि ते नाव होते अली शेर. ते दिल्ली गोल्फ क्लबमध्ये कॅडी होते. १९९३मध्ये त्यांनी पुन्हा ही स्पर्धा जिंकली. २०१३चे विजेते बांगलादेशचे सिद्दिकुर रहमान हेही ढाक्याच्या मैदानावर चेंडू गोळा करणारे पोर होते. श्रीमंतांचा समजल्या जाणाऱ्या या खेळात उपखंडाला मोठे विजय मिळवून देणाऱ्यांमध्ये बॅगा वाहणाऱ्यांचा वाटा असा ठळक आहे.

तथापि या दोन वाटांत एक मूलभूत फरक आहे. लष्करी अधिकाऱ्याच्या मुलाला मैदानावर जाण्याचा हक्क असतो, कॅडीला सवलत असते. अनेक क्लबांत आठवड्यातील सुटीच्या किंवा देखभालीच्या दिवशी कॅडींना खेळू देण्याची प्रथा आहे. ती कुणाच्या तरी उदारपणावर चालते आणि व्यवस्थापन बदलले की आटूही शकते. चौरसिया घडले ते या सवलतीच्या फटीतून. ती फट होती म्हणून एक विजेता मिळाला, यात आनंद आहे. पण फटीला दरवाजा समजणे ही दिशाभूल आहे.

शिवाय खेळही बदलला आहे. आजचा होतकरू गोल्फपटू फटक्याचे संगणकीय विश्लेषण, शरीरतज्ज्ञ, परदेशातील हौशी स्पर्धा आणि मापानुसार घडवलेल्या काठ्या घेऊन व्यावसायिक होतो. पाहून पाहून शिकलेल्या मुलाला ही दरी ओलांडणे १९९७पेक्षा आज अवघड आहे. चौरसिया यांच्या २०१७च्या विजयानंतर २०२५पर्यंत इंडियन ओपन पाच वेळा झाली आणि पाचही वेळा करंडक परदेशी खेळाडूंनी नेला. एवढ्यावरून भारतीय गोल्फ खालावले असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल, कारण परदेशी स्पर्धकांचा दर्जाही वाढला आहे. मात्र खेळाडू निवडण्याचे जाळेच अरुंद ठेवायचे आणि यशाची अपेक्षा रुंद ठेवायची, हे फार काळ चालणारे नाही.

मैदान कोणाचे?

गोल्फ म्हणजे बंदिस्त क्लब, हे समीकरण या खेळाच्या जन्मभूमीत सर्वत्र लागू नाही. स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूजचे जगप्रसिद्ध ‘ओल्ड कोर्स’ ही सार्वजनिक जमीन आहे. संसदेने १९७४मध्ये केलेल्या कायद्यानुसार स्थापन झालेला न्यास तिचा कारभार पाहतो. एरवी रविवारी तेथे खेळ बंद असतो आणि गावकरी त्या हिरवळीवर फिरायला येतात. भारतातही दिल्ली विकास प्राधिकरणाने कुतुब परिसरात सार्वजनिक गोल्फ मैदान उभारले. शुल्क भरून कोणालाही तेथे खेळता येते. म्हणजे पर्याय अस्तित्वात आहेत. वानवा आहे ती इच्छेची.

गोव्याच्या संदर्भात याचा अर्थ गंभीर आहे. अठरा होलच्या पूर्ण मैदानाला साधारण शंभर ते दोनशे एकर जमीन लागते, आणि उन्हाळ्यात ती हिरवी ठेवायला प्रचंड पाणी. विहिरी एप्रिलमध्ये तळ गाठतात अशा, डोंगरमाथे आणि कुळागरे यांमध्ये वाटल्या गेलेल्या छोट्या राज्यात ही मागणी किरकोळ नाही. आज राज्यात गोल्फची जी मोजकी मैदाने आहेत ती पंचतारांकित हॉटेलांच्या आवारात आहेत. तेथे मोबोरच्या वा काणकोणच्या मुलाने खेळाडू म्हणून पाऊल ठेवण्याची शक्यता किती, हे वेगळे सांगायला नको.

गोल्फ प्रकल्पांचे समर्थक उद्या चौरसिया यांचे नाव घेऊन गावकऱ्यांना स्वप्न दाखवू शकतात. म्हणूनच ते नाव नीट समजून घेणे आवश्यक आहे. १८२९मध्ये स्थापन झालेल्या क्लबच्या हिरवळीवर राबणाऱ्या अनेक पिढ्यांतून असा विजेता घडायला पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला. तो घडला स्वतःच्या चिकाटीवर. व्यवस्थेने त्याच्यासाठी काही आखले होते म्हणून नव्हे. एखादा प्रकल्प खरोखरच स्थानिकांसाठी असेल, तर त्याने रोजगाराच्या आकड्यांसोबत आणखी काही गोष्टी लेखी द्याव्यात : गावातील मुलांसाठी राखीव वेळ, मोफत शिकवणी, परवडणारे शुल्क आणि पाण्याचा उघड हिशेब. जमीन आणि पाण्याचा प्रश्न तेवढ्याने सुटणार नाही. त्याचा निर्णय कुळांच्या हक्कांवर आणि गावाच्या संमतीवरच व्हायला हवा. पण निदान रोजगाराच्या आश्वासनामागे काय दडले आहे, ते स्पष्ट होईल.

चौरसिया यांच्या वडिलांनी ज्या हिरवळीची निगा राखली, तिच्यावर खेळून मुलगा ऑलिम्पिकपर्यंत पोहोचला. हे अभिमानास्पद आहे. परंतु ज्या व्यवस्थेत असे पुन्हा घडण्यासाठी पुन्हा तेवढ्याच असामान्य माणसाची वाट पाहावी लागते, तिच्यासाठी जमीन मागणाऱ्यांना गोव्याने आधी कुंपणाविषयी विचारले पाहिजे.