निळ्या पाण्याचं तारण

दिवाळी उलटली की आमच्या परभणीत अलीकडे एक नवा हंगाम सुरू होतो, अंदमानचा. पूर्वी तिरुपती, फार तर कन्याकुमारी इथवर निवृत्त माणसाची झेप असायची. आता वसमत रोडवरच्या कॉलन्यांतून सकाळी फिरायला निघालेली मंडळी हॅवलॉक आणि नील ही नावं गंगाखेड-पाथरीच्या सहजतेनं घेतात. सरकारी नोकरांना प्रवास सवलतीत विमानानं अंदमानला जायची मुभा मिळाली, आम्हा बँकवाल्यांचीही सवलत होतीच, आणि सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी एकदा पाहावी ही मराठी घरातली इच्छा तर फार जुनी. देवगिरी एक्स्प्रेसनं सिकंदराबाद, तिथून हैदराबादचं विमान. परभणीकराला समुद्र मुंबईमार्गेच भेटला पाहिजे असं आता राहिलेलं नाही.

गेल्या आठवड्यात आमचे शेजारी गुरुजी वही-पेन घेऊनच आले. "साहेब, तुम्ही जाऊन आलात. कोणती बेटं बघायची, कोणती सोडायची, तेवढं सांगा. नातवंडं बरोबर आहेत." मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. पण सांगता सांगता माझंच बोलणं भलतीकडे वळलं. गुरुजींच्या वहीत जे मावलं नाही ते इथे लिहितो आहे.

आम्ही मराठवाड्यातली माणसं पाण्याच्या बाबतीत मुळातच गरीब. माझ्या पिढीनं १९७२ चा दुष्काळ पाहिला. पुष्कळ पाणी म्हणजे काय, याचं आमचं परिमाण म्हणजे भरलेलं येलदरी. समुद्र मी नोकरी लागल्यावर पाहिला. त्यामुळे हॅवलॉकच्या, म्हणजे आता २०१८ पासून स्वराज द्वीप नाव मिळालेल्या बेटावरच्या राधानगर किनाऱ्यावर माझी आठ वर्षांची नात काही वेळ नुसती उभीच राहिली, तेव्हा मला तिचं काही वाटलं नाही. मागे उंचच उंच झाडी, पुढे पांढरी वाळू, आणि पाण्याचे निळे-हिरवे इतके प्रकार की रंगपेटीत तेवढ्या वड्या नसतात. २००४ मध्ये 'टाइम' साप्ताहिकानं या किनाऱ्याला आशियातला सर्वोत्तम म्हटलं होतं. मासिकांच्या अशा निवडींवर माझा फारसा विश्वास नाही, पण इथे वाद घालावासा वाटला नाही.

खरी मौज वंडूरला आली. वंडूरच्या धक्क्यावरून महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात बोटी जातात. १९८३ साली स्थापन झालेलं हे उद्यान सुमारे २८१ चौरस किलोमीटरचं, पंधरा बेटांचं. त्यातली जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटं आळीपाळीनं उघडतात. एक उघडं असताना दुसऱ्याला विसावा. आपण रान पडीक ठेवतो तसंच हे. धक्क्यावर पिशव्यांची झडती होते, कारण प्लॅस्टिक नेता येत नाही. आमच्या सौभाग्यवतींनी दाण्याचे लाडू प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधले होते. ते रुमालात बांधेपर्यंत बोटीतल्या सगळ्यांना लाडवांचा पत्ता लागला आणि अर्धे तिथेच संपले. कडक तपासणीबद्दल कुणी कुरकुर केली नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. नियम सर्वांना सारखा असला की माणसं तो पाळतात. बँकेतही हेच पाहिलं आहे.

तळाला काच बसवलेल्या बोटीतून आम्ही प्रवाळ पाहिलं. पण बराचसा भाग पांढुरका, हाडासारखा. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, तो बारीक जिवांचा समूह असतो आणि त्यांच्या अंगात राहणारी सूक्ष्म शेवाळं त्यांना अन्न आणि रंग दोन्ही पुरवतात. समुद्राचं तापमान नेहमीपेक्षा अंश-दोन अंशांनी वाढून काही आठवडे तसंच राहिलं की ही शेवाळं बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरं पडतं. उष्णता लवकर ओसरली तर ते सावरतं, नाहीतर मरतं. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये असे फटके बसले. म्हणजे वंडूरच्या धक्क्यावर कितीही पिशव्या तपासल्या तरी समुद्राचा ताप तिथे अडवता येत नाही. हे एक झालं.

दुसरं मात्र अडवता येण्यासारखं आहे, आणि ते सहलीच्या कार्यक्रमात कधी येत नाही. पोर्ट ब्लेअरच्या (सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरमच्या) दक्षिणेला समुद्रमार्गे पाचशेहून अधिक किलोमीटरवर ग्रेट निकोबार नावाचं बेट आहे. सुमारे ९१० चौरस किलोमीटर. देशाचं दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, ते इथेच. १९८९ साली हे जीवावरण राखीव क्षेत्र झालं, २०१३ मध्ये युनेस्कोनं त्याला आपल्या यादीत घेतलं. इथले शोंपेन हे जंगलात राहणारे आदिवासी २०११ च्या जनगणनेत २२९ भरले. आमच्या एका गल्लीत त्याहून जास्त माणसं राहतात. त्यांच्याखेरीज निकोबारी लोक आहेत, आणि १९६९ नंतर सरकारनं वसवलेली माजी सैनिकांची कुटुंबं. त्यांत पंजाब, केरळबरोबर महाराष्ट्राचीही आहेत. बंगालच्या उपसागराच्या पार टोकाला मराठी बोलणारी घरं आहेत, हे मला तिथे जाऊन आल्यावर कळलं, याची थोडी लाजच वाटली.

या बेटावर सरकारनं सुमारे ७२ हजार कोटी रुपयांचा प्रकल्प आखला. गलाथिया उपसागरात जहाजांमधून जहाजांत कंटेनर हलवण्याचं मोठं बंदर, नागरी आणि लष्करी विमानतळ, वीजकेंद्र आणि नवं शहर. एकूण १६६ चौरस किलोमीटर जागा, त्यात १३० चौरस किलोमीटर जंगल. तोडायच्या झाडांचा आकडा सरकारनंच २०२३ मध्ये संसदेत ९.६४ लाख असा दिला. आज बेटावर आठ-दहा हजार माणसं आहेत, तिथे तीस वर्षांत साडेतीन लाखांची वस्ती अपेक्षित आहे. परभणी शहराएवढी लोकसंख्या त्या बेटावर नेऊन ठेवायची, असं समजा.

गलाथियाचा किनारा १९९७ पासून अभयारण्य होता. तिथे चामडी पाठीचं समुद्री कासव अंडी घालतं. जगातलं सर्वांत मोठं कासव, वजन पाचशे किलोच्याही वर जाणारं. लिटल अंदमानवर उपग्रहाची खूण लावलेली मादी कासवं ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत आणि आफ्रिकेपर्यंत गेल्याचं संशोधकांनी नोंदवलं आहे. जानेवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीनं हे अभयारण्य रद्द करायला संमती दिली. त्याच महिन्यात केंद्र सरकारनं समुद्री कासवांचा राष्ट्रीय कृती आराखडा प्रसिद्ध केला आणि त्यात गलाथिया हे कासवांचं महत्त्वाचं ठिकाण म्हणून नोंदलेलं होतं. एकाच महिन्यात, एकाच सरकारात, एकाच किनाऱ्याच्या दोन फायली! पुढे लहान निकोबारवर कासवांसाठी नवं अभयारण्य घोषित करायचं ठरलं. कासवाला राजपत्र वाचता येत असतं तर प्रश्नच नव्हता.

आता मी लेखक म्हणून नव्हे, बँकेचा माणूस म्हणून बोलतो. कर्जाचं प्रकरण टेबलावर आलं की आम्ही तीन गोष्टी पाहत असू. धंदा चालेल का, तारण काय, आणि परतफेड कुठून. तिन्ही प्रश्न इथे लावून पाहा.

धंदा. सरकारचं म्हणणं असं की भारतात येणाऱ्या-जाणाऱ्या अशा मालापैकी तीन-चतुर्थांश माल कोलंबो, सिंगापूर, क्लांग या परक्या बंदरांत हाताळला जातो, आणि ग्रेट निकोबार मलाक्काच्या वाटेवर आहे. हे खरं आहे आणि हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पण मधल्या काळात केरळात विळिंजम सुरू झालं. तिथे नैसर्गिक खोली आहे, मुख्य जलमार्ग जवळ आहे आणि मागे अख्खा देश आहे. आपल्याकडे डहाणूजवळ ७६ हजार कोटींच्या वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. एकाच गावात तीन जिनिंगच्या गिरण्यांना कर्ज मागायला लोक आले की आम्ही विचारायचो, कापूस तेवढा आहे का? सोन्याच्या ताटात वाढा, पण आधी किती पान आहे ते सांगा.

तारण. इथे माझी जास्तच अडचण होते. तोडल्या जाणाऱ्या जंगलाची भरपाई म्हणून झाडं लावायची ती हरियाणात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पिणारं सदाहरित रान एकीकडे, आणि कोरड्या प्रदेशातली लागवड दुसरीकडे. कागदावर हेक्टरला हेक्टर. पण आमच्या नियमात एकाच्या सोन्याच्या पाटल्या सोडवून त्याजागी तेवढ्याच वजनाचं पितळ ठेवता येत नसे.

हे मी तावातावानं लिहितो आहे खरा, पण या पापात माझाही वाटा आहे. शेतीकर्जाचा अधिकारी असताना वनशेतीची प्रकरणं माझ्या सहीनं मंजूर झाली. पावसाळ्यात बांधावर जाऊन खड्डे मोजले, रोपं मोजली, टिपणी लिहिली. उन्हाळ्यात पुन्हा गेलो तर खड्डे होते, रोपं नव्हती. वसुलीच्या फायलीत मी 'लागवड पूर्ण' असाच शेरा ठेवला, कारण लागवड झाली होती हे खोटं नव्हतं. २०१९ मध्ये आपल्या राज्यानं तेहतीस कोटी झाडांचा संकल्प सोडला, तेव्हा मला त्या शेऱ्याची आठवण झाली. राज्यात सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत ज्याचं नाव येतं त्या जिल्ह्याच्या माणसाला, लावलेलं झाड आणि उभं राहिलेलं रान यांतला फरक कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आणि परतफेड, म्हणजे जोखीम. हा भाग देशातल्या सर्वाधिक भूकंपप्रवण पट्ट्यात येतो. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात ग्रेट निकोबारचं दक्षिण टोक सुमारे सव्वाचार मीटर खचलं. इंदिरा पॉइंटचं दीपगृह पाण्यात उभं राहिलं. त्सुनामीनं किनाऱ्यावरची निकोबारी गावं पुसून टाकली. वाचलेल्यांना सरकारनं दुसऱ्या टोकाला घरं दिली, आणि ते लोक तेव्हापासून जुन्या गावी परत जायचं म्हणत आहेत.

हे वाचताना मला किल्लारी आठवली. ३० सप्टेंबर १९९३ नंतर भूकंपग्रस्त गावांची नवी वसाहत झाली. घरं पक्की, रस्ते सरळ, आखणी नकाशाबरहुकूम. काही वर्षांनी एका कामानिमित्त गेलो तर म्हातारी माणसं दुपारी जुन्या गावठाणात दगडांच्या ढिगाशेजारी लिंबाखाली बसलेली. एका आजोबांना विचारलं, तिकडे नवं घर असताना इथे कशाला? ते म्हणाले, "घर तिकडं हाय बापू, पर गाव हितंच हाय." निकोबारी लोकांचं म्हणणं यापेक्षा वेगळं असेलसं वाटत नाही. लहान आणि ग्रेट निकोबारच्या आदिवासी परिषदेनं ऑगस्ट २०२२ मध्ये दिलेलं ना-हरकत पत्र नोव्हेंबरमध्ये परत घेतलं. आपली परंपरागत गावांची जमीन त्यात जाते हे आपल्याला नीट सांगितलं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. कर्जदारानं सही मागे घेतली तर आम्ही प्रकरण थांबवत असू. इथे त्याच महिन्यात पर्यावरण मंजुरी निघाली. २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानंही मंजुरीत हस्तक्षेप केला नाही, काही मुद्दे तपासायला समिती तेवढी नेमली.

संरक्षणाचा मुद्दा मी टाळत नाही. इंदिरा पॉइंटपासून इंडोनेशिया दीड-पावणेदोनशे किलोमीटरवर आहे, चीनची जहाजं त्या वाटेनं जातात, आणि आपल्या नौदलाचा 'बाज' हा तळ कॅम्पबेल बे इथे २०१२ पासून आहेच. तो मजबूत करा, धावपट्टी लांबवा, याला शहाणा माणूस नाही म्हणणार नाही. पण धावपट्टी वेगळी आणि साडेतीन लाखांचं शहर वेगळं. ट्रॅक्टरच्या कर्जात मुलीच्या लग्नाचा खर्च घालून आणणारे अर्जदार आम्ही पाहिले आहेत. ट्रॅक्टर हवाच असतो, म्हणून आपण पूर्ण रकमेवर सही करत नाही.

आणि आपणही साधे नाही. आपल्याला अंदमान आवडतं ते तिथे अजून गर्दी नाही म्हणून, आणि आपण जातो ते गर्दी करायला. बाराटांगची चुनखडीची गुहा बघायला जाणारा रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो. गाड्यांचा ताफा पोलीस बंदोबस्तात निघतो, थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. तरी २०१२ मध्ये जारवा स्त्रियांना नाचायला लावल्याची चित्रफीत बाहेर आली आणि जगभर शोभा झाली. सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच या रस्त्याचे काही भाग बंद करायला सांगितलं होतं. आम्ही बाराटांगला गेलो नाही. नात रुसली. तिला कारण सांगितलं तर ती म्हणाली, "मग त्यांना आपल्याकडे बोलवू." तिच्या आजीनं तिला पापड दिला आणि विषय तेवढ्यावर मिटला.

गुरुजी हे सगळं शांतपणे ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे जावं का नाही?"

जा, म्हटलं. नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये जा. वंडूरला कोणतं बेट उघडं आहे ते आधी विचारून ठेवा. स्टीलच्या बाटल्या न्या, लाडू डब्यात बांधा. प्रवाळावर पाय ठेवू नका, शंख-शिंपले गोळा करून आणू नका, विमानतळावर काढून घेतात. सेल्युलर जेलला सकाळी जा, ऊन चढायच्या आत. नीलला एक दिवस पुरत नाही, दोन ठेवा.

त्यांनी सगळं लिहून घेतलं. उठता उठता विचारलं, "ते कासवाचं बेट विमानातून दिसतं का?"

नाही, म्हटलं, ते फार खाली राहतं. गुरुजींनी वहीत त्याचं नाव मात्र लिहिलं, आणि त्याच्यापुढे एक रिकामी ओळ सोडली.