‘आता या वयात काय शिकायचं?’

शाळेबाहेरची शाळा : साप्ताहिक स्तंभ

दहावीचा निकाल लागला की शाळेच्या कार्यालयात पेढे घेऊन येणारी माणसं सगळ्यांना दिसतात. त्याच दिवसांत आणखीही काही जण येतात. ते दाराशी घुटमळतात, गर्दी ओसरली की टेबलाजवळ येऊन हळू आवाजात विचारतात, "सतरा नंबरचा फॉर्म कधी भरायचा असतो?" आठवीत शाळा सुटलेली, आता दोन मुलांची आई असलेली बाई. गॅरेजात काम करणारा पंचविशीतला मुलगा. त्यांना बाहेरून दहावीला बसायचं असतं. तारखा, कागदपत्रं, फी असं सगळं विचारून झाल्यावर बहुतेक जण आणखी एक प्रश्न विचारतात, "पण मला जमेल का?"

या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर आहे : मनावर घेतलं तर सगळं जमतं, फक्त मानसिकता बदलायला हवी. माझा या उत्तरावर राग आहे. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण उद्या त्या बाईला जमलं नाही तर दोष आपोआप तिच्या मनावर जातो. संध्याकाळी सातला वर्गात पोचण्यासाठी तिला स्वयंपाक कितीला उरकावा लागतो, हे कुणी विचारत नाही. आणि ‘आपल्याला जमायचं नाही’ हा समज भाषण ऐकून सुटतही नाही. वर्षानुवर्षं आलेल्या अनुभवातून तो बसलेला असतो. तसाच रोखठोक, पण उलटा अनुभव हाताला आला तरच तो हलतो.

मानसिकतेबद्दल आज जे बोललं जातं त्यातलं बरंचसं कॅरोल ड्वेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंच्या कामातून आलं आहे. क्लॉडिया म्युलर आणि ड्वेक यांचे १९९८ साली प्रसिद्ध झालेले प्रयोग पाचवीतल्या मुलांवर होते. मुलांनी कोडी सोडवल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हणून शाबासकी मिळाली, काहींना ‘तू चांगली मेहनत घेतलीस’ म्हणून. पुढची कोडी निवडायची वेळ आली तेव्हा हुशार ठरवलेली मुलं सोप्याकडे वळली, कारण हुशारीचा शिक्का जपायचा होता. मध्ये मुद्दाम कठीण कोडी देऊन सगळ्यांना अडवलं गेलं आणि त्यानंतर हुशार ठरवलेल्या मुलांची कामगिरी आधीपेक्षा घसरली. मेहनतीची दाद मिळालेली मुलं मात्र अवघड कोड्यांशी झटत राहिली.

इतकं आता पुष्कळांना माहीत असतं. पुढचं फारसं सांगितलं जात नाही. २०१९ साली ‘नेचर’मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, ड्वेकही त्यात होत्या. अमेरिकेतल्या नववीच्या सुमारे १२ हजार मुलांना संगणकावर तासाभरापेक्षाही कमी वेळाचा एक पाठ दिला होता : बुद्धी वाढवता येते, ती जन्मतः ठरून येत नाही. अभ्यासात मागे असलेल्या मुलांची श्रेणी त्यामुळे सरासरी एक दशांश गुणाने सुधारली. आणि वर्गातले सोबती अवघड गणिताला हात घालणाऱ्याला साथ देणारे होते, तिथेच ही सुधारणा टिकलेली दिसली. एवढ्या स्वस्त उपायातून एवढं साधलं हे चांगलंच आहे. पण त्यातून मी घेतो तो धडा वर्गाचा आहे. वर्ग हसणारा असेल तर पाठ पोकळ ठरतो.

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं छोटं गाव आहे. तिथली ‘आजीबाईंची शाळा’ ८ मार्च २०१६ रोजी सुरू झाली. गावात शिवचरित्राचं पारायण चालू असताना म्हाताऱ्या बायकांनी बोलून दाखवलं, की आम्हालाही वाचता आलं असतं तर. जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते बोलणं मनावर घेतलं. साठी ते नव्वदीच्या आज्या दप्तर आणि पाटी घेऊन वर्गाला येऊ लागल्या.

या शाळेची छायाचित्रं खूप फिरली. मला त्या छायाचित्रांमागची व्यवस्था महत्त्वाची वाटते. शाळा दुपारची, म्हणजे सकाळची कामं आटोपलेली आणि संध्याकाळच्या चुलीला अवकाश असलेला वेळ. सगळ्यांना गणवेश एकच, गुलाबी नऊवारी, आणि विधवा आज्यांच्या अंगावरही तीच. शिकवणारी गावातलीच एक सून, तिच्यापुढे चुकायला संकोच नाही. शेजारी बसलेलीलाही ‘क’ गिरवताना तितकाच त्रास होतोय, तेव्हा हसणार कोण? घरी नातवंडं गृहपाठ करून घेतात. इतकं सगळं जमून आलं तेव्हा कुठे बँकेत अंगठ्याची शाई लावून घेणारा हात सही करू लागला. त्या आज्यांपुढे सकारात्मक विचारांवर व्याख्यान ठेवलं असतं, तर त्या ते शांतपणे ऐकून घरी गेल्या असत्या.

आपल्या इतिहासातली एक बाई या संदर्भात मला फार मोठी वाटते. पार्वतीबाई आठवले १८७० साली कोकणात देवरुखला जन्मल्या. अकराव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी वैधव्य, पदरी एक मुलगा, आणि रीतीप्रमाणे केशवपन. त्यांची बहीण गोदूबाई हीसुद्धा बालविधवा. १८९३ साली तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि पुढे ती बाया कर्वे म्हणून ओळखली गेली. पार्वतीबाई बहिणीच्या आधाराने पुण्यात शिकू लागल्या तेव्हा त्यांची पंचविशी उलटली होती आणि अक्षरओळख नव्हती. सोवळंओवळं अंगात मुरलेलं. पुनर्विवाहाचा मार्ग त्यांनी स्वतः कधी धरला नाही.

आधी त्या शिकल्या, मग कर्व्यांनी विधवांसाठी काढलेल्या हिंगण्याच्या आश्रमात काम करू लागल्या. आश्रमासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव फिरल्या, सभांत उभ्या राहून बोलू लागल्या. हे सगळं डोईवर पदर घेतलेल्या, केशवपन केलेल्या विधवेच्या वेशातच चाललं होतं. केस राखायचा निर्णय त्यांनी घेतला तो अशी कित्येक वर्षं काम केल्यावर. विचार बदलले की वागणं बदलतं असं आपण धरून चालतो. पार्वतीबाईंच्या बाबतीत बऱ्याच अंशी उलटं घडलं. पाय घराबाहेर पडले, हातांनी काम केलं, आणि मनाने ते हळूहळू मान्य केलं.

१९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. महायुद्ध अजून संपलेलं नव्हतं. इंग्रजी शिकायचं आणि आश्रमासाठी निधी जमवायचा, हा हेतू. इंग्रजी आधी इथे शिकून पाहिलं होतं, पण ते हाती लागलं नव्हतं. परदेशात पोट भरण्यासाठी त्यांनी लोकांच्या घरी घरकाम केलं आणि कामातून भाषा उचलली. १९२० साली त्या परतल्या. ‘माझी कहाणी’ हे त्यांचं आत्मचरित्र १९२८चं, आणि ते शाळेत लावावं असं मला मनापासून वाटतं. त्यांची जिद्द असामान्य होती, यात वाद नाही. पण पाटी हातात देणारी बहीण होती, शिकलेलं लगेच वापरायला लावणारा आश्रमही होता. हे दोन्ही नसतं, तर ती जिद्द देवरुखच्या माजघरातच राहिली असती.

असे किती जण आजही तसेच राहून जातात! पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी केंद्र सरकारचा ‘उल्लास’ कार्यक्रम २०२२पासून चालू आहे. शेवटी परीक्षा होते : वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण. गावच्या शाळेत सासू आणि सून एकाच बाकावर पेपर लिहायला बसतात, हे दृश्य मला कुठल्याही गुणवत्ता यादीपेक्षा मोलाचं वाटतं. माझी तक्रार आहे ती परीक्षेनंतरच्या दिवसांबद्दल. प्रमाणपत्र हातात पडतं आणि वर्ग बंद होतो. नवी अक्षरं रोज वापरली नाहीत तर वर्षभरात पुसट होतात, आणि मग ‘मला जमतं’ हा मोठ्या कष्टाने आलेला भरवसाही जातो. दुसऱ्यांदा तो आणणं पहिल्यापेक्षा अवघड असतं, कारण आता बाई म्हणते, शिकून पाहिलं की, नाही राहिलं लक्षात.

म्हणून गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांकडे माझी एक मागणी आहे. राज्यात १९६७पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, अनुदानाची सोय आहे, पुष्कळ गावांत कपाटंही आहेत. त्या कपाटांत नवसाक्षर प्रौढांसाठी एक फळी हवी. ठळक, मोठा टाइप आणि छोटी वाक्यं, पण विषय मोठ्या माणसांचे : पीककर्ज, रक्तदाब, वारीच्या कथा, बचतगटाचा हिशेब, गावच्या देवीची गोष्ट. बडबडगीतांची पुस्तकं साठीच्या बाईपुढे ठेवणं हा तिचा अपमान आहे. आठवड्यातून एक दुपार दोन तास कुणी तरी तिथे बसावं, अडलेला शब्द सांगावा. वर्तमानपत्राचं एक पान मिळून मोठ्याने वाचावं. निवृत्त शिक्षक प्रत्येक तालुक्यात आहेत, त्यांना कुणी बोलावत नाही इतकंच. आणि सतरा नंबरचा फॉर्म भरणाऱ्यांसाठी शाळांनी संध्याकाळी एक खोली उघडी ठेवावी, दिवा-पंख्यासकट. वीजबिल किती येईल याचा हिशेब मुख्याध्यापकांनी एकदा ग्रामसभेपुढे मांडावा. गाव तेवढं देईल, असा माझा विश्वास आहे.