बोलायचे तर कोणाशी?

यशवंतपूरहून तुमकूर रस्त्याने पुढे गेले की जालहळ्ळी आणि पीण्या लागते. बंगळूरच्या या औद्योगिक पट्ट्याने कामगारांचा संताप दोन रूपांत पाहिला. 26 डिसेंबर 1980 रोजी एचएमटी, बीईएल, आयटीआय, एचएएल आणि बीईएमएल या सरकारी कारखान्यांतील कामगार संपावर गेले. ‘भेल’च्या कामगारांइतके वेतन ही त्यांची मुख्य मागणी होती. संप 77 दिवस चालला आणि ती मागणी पदरात न पडताच लोक कामावर परतले. पण संप कोणी पुकारला, मागण्या काय, चर्चेला कोणाला बोलवायचे, याबद्दल सरकारला शंका नव्हती. याउलट एप्रिल 2016 मध्ये शिलाई कारखान्यांतल्या हजारो बायका कोणत्याही संघटनेच्या हाकेशिवाय दोन दिवस रस्त्यावर उतरल्या, तेव्हा बोलायचे कोणाशी हेच पोलिसांना कळेना. केंद्राने भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा हिस्सा वयाच्या 58 व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही असा नियम केला होता. मुलांची फी, लग्न, सावकाराचे देणे या पैशातून भागवणाऱ्या बाईला तो तिच्या ताटातला घास काढून घेतल्यासारखा वाटला. बसगाड्या जळाल्या, लाठ्या पडल्या, आणि 19 एप्रिलला केंद्राने नियम मागे घेतला.

संघटनेवाचून दोन दिवसांत जिंकता येते, मग संघटना हवीच कशाला, असे यावर कोणी विचारील. पण त्या दोन दिवसांनी एक नियम गेला, बाकी काही बदलले नाही. दुसऱ्या दिवशी शिलाईच्या लाइनीवर तासाचे टार्गेट तेच होते, सुपरवायझरची भाषा तीच होती, आणि किमान वेतनाच्या चर्चेत या बायकांची खुर्ची रिकामीच होती. डिसेंबर 2020 मध्ये कोलारजवळ नरसापूरच्या आयफोन कारखान्यात थकलेल्या पगारावरून तोडफोड झाली, तिथेही तक्रार पुढे नेणारी संघटना नव्हती. संघटना नाही म्हणजे शांतता आहे, हा मालकांचा हिशेब दोनदा चुकला.

संघटनांनीच मुंबईच्या गिरण्या बुडवल्या, हा आक्षेप मराठी वाचकाच्या मनात येणारच. 18 जानेवारी 1982 चा संप आणि त्यानंतर गिरणगावाची झालेली वाताहत आपण विसरलेलो नाही. पण त्या संपाचे नेते दत्ता सामंत यांची एक मोठी मागणी पगाराची नव्हती. 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा, ही होती. त्या कायद्याने वाटाघाटीचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघालाच दिला होता, मग कामगारांचा त्याच्यावर विश्वास असो वा नसो. म्हणजे मुंबईतही मूळ दुखणे हेच होते: ज्याला कामगार आपला मानतो, त्याच्याशी बोलायला कोणी तयार नव्हते. जुन्या यंत्रांवर वर्षानुवर्षे पैसा न घालणाऱ्या मालकांचा वाटा तर वेगळाच. आणि संघटित आवाजाने काय मिळते, हेही मुंबईनेच पाहिले आहे: गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या 1890 च्या सभेत, संघटनेला कायद्याचा आधार मिळण्याच्या 36 वर्षे आधी, दोन गिरणी कामगार बायका बोलल्या होत्या. त्याच वर्षी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

आता नव्या औद्योगिक संबंध संहितेनुसार एकट्याने वाटाघाटी करायच्या तर संघटनेकडे 51 टक्के कामगार हवेत. शिलाई कारखान्यात बायका सतत नोकऱ्या बदलतात आणि संघटनेची वर्गणी फाटकाबाहेर, कोणी पाहत नाही ना याची खात्री करून देतात. तिथे हा आकडा गाठायचा कसा? कर्नाटक सरकारला उद्याचा एप्रिल टाळायचा असेल, तर सदस्यत्वाची मोजणी गुप्त मतदानाने करावी, आणि तेही कारखान्याच्या आवाराबाहेर, सुपरवायझरच्या नजरेआड.