खड्याची वेगळी पावती हवी

घणसोली गावाच्या शेजारी, महापे एमआयडीसीत, 'इंडिया ज्वेलरी पार्क'चा प्रकल्प आकार घेतो आहे. गावातल्या मुलांना तिथे कामे मिळावीत ही अपेक्षा रास्तच आहे. पण त्याच गावातली माणसे सराफाकडे माणिक किंवा पुष्कराज घेतात तेव्हा आपण नेमके कशाचे पैसे मोजतो आहोत, हे त्यांना कुणी सांगत नाही.

सोन्याचे तसे नसते. भाव रोज जाहीर होतो आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अंकाक्षरी ओळख क्रमांक (एचयूआयडी) सक्तीचा आहे. आगरी-कोळी घरांत सोने ही अडीअडचणीची ठेव, त्यामुळे हा बदल मोलाचा ठरला. मात्र हॉलमार्क धातूचा कस सांगतो. कोंदणातल्या खड्याबद्दल त्यात अवाक्षर नसते.

खड्याला असा एकच भाव नाही. माणिक आणि नीलम मुळात एकच खनिज, कुरुंद. त्यात क्रोमियमचा अंश आला की लाल माणिक होते. लोह व टायटॅनियम आले की निळा नीलम. रंगीत रत्नात पहिला मान रंगाचा असतो. मग स्वच्छता, पैलू आणि वजन. दोन कॅरटचा एक उत्तम खडा एकेक कॅरटच्या तशाच दोन खड्यांहून महाग असतो, कारण मोठा निर्दोष खडा क्वचितच सापडतो. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, जगभर तेवढाच. रत्ती मात्र सगळीकडे सारखी धरली जात नाही. म्हणून वजन कॅरटमध्येच लिहून घ्यावे.

खाणीचे नावही किंमत ठरवते. काश्मीरच्या पाडर भागातला नीलम १८८० च्या सुमारास उजेडात आला आणि चांगले खडे काही वर्षांतच संपत आले. आजही त्या उगमाचा खात्रीशीर दाखला असेल तर खड्याची किंमत कितीतरी वाढते.

सर्वांत मोठी फसगत होते ती प्रक्रियेत. माणिक-नीलम तापवून रंग खुलवण्याची रीत व्यापारात सर्वमान्य आहे, फक्त ती सांगितली पाहिजे. भेगांत शिशाची काच भरलेले माणिक ही वेगळीच गोष्ट आहे. दहापट भिंगाखाली त्यात बुडबुडे आणि निळसर चमक दिसते. सोनाराच्या ज्योतीने ते बिघडते, लिंबाच्या रसानेही भरलेली काच झिजते. असा खडा अस्सल माणकाच्या भावात विकणे ही सरळ लबाडी आहे.

दुर्मिळता गेली की काय होते, हे मुंबईच्या बाजाराने पाहिले आहे. आखाती मोत्यांचा मोठा व्यापार या शहरातून चाले. जपानमध्ये मोती-उत्पादक मिकिमोतो यांचे संवर्धित मोती आले, त्यातच जागतिक मंदीची भर पडली आणि १९३० च्या दशकात नैसर्गिक मोत्यांचा बाजार कोसळला. मोत्याचे पाणी तेच होते, पण गिऱ्हाईक उरले नाही. प्रयोगशाळेतल्या हिऱ्याचे भाव गेल्या काही वर्षांत झपाट्याने उतरले, तेही याच वाटेने. तो हिरा खोटा नव्हे. त्याची रासायनिक घडण खाणीतल्या हिऱ्याचीच आहे. हौसेने जरूर घ्यावा, ठेव म्हणून घेऊ नये. खाणीतला हिरा मोडायला गेले तरी घट बसतेच, आणि ती किती हे खरेदीच्या वेळी क्वचितच सांगितले जाते.

आमचे मत स्पष्ट आहे. हॉलमार्कसारखीच खड्याच्या प्रक्रियेची लेखी नोंद बिलावर सक्तीची व्हावी. महाप्याच्या प्रकल्पात रत्नपरीक्षेची सोय झाली तर ती निर्यातदारांपुरती न ठेवता घणसोलीच्या ग्राहकालाही वाजवी शुल्कात खुली असावी. तोवर वाचकांनी एवढे करावे: सोन्याचे वजन आणि खड्याचे वजन बिलात वेगळे मागावे, खडा नैसर्गिक की प्रयोगशाळेतला आणि त्यावर कोणती प्रक्रिया झाली हे लिहून घ्यावे, आणि महागड्या खड्याला स्वतंत्र प्रयोगशाळेचा दाखला असल्याशिवाय पैसे देऊ नयेत.