भावात कमावलेले गोदामात गमावू नका

ईद तोंडावर आली की मोमिनपुऱ्यातील शिलाईच्या कारखान्यांत रात्री उशिरापर्यंत मशिनी चालतात. या दिवसांतील एक दृश्य आम्ही वारंवार पाहिले आहे. कापडाचे तागे छतापर्यंत रचलेले, कारागीर मशिनीवर बसलेले, पण काम बंद. का? तर चेन संपली! पोरगा गांधीबागेकडे धावतो, मिळेल त्या भावाने चेन आणतो, तोवर अर्धा दिवस गेलेला असतो. ईद झाल्यावर तेच कापड उरते आणि पडत्या भावाने काढावे लागते. खरेदीच्या वेळी मीटरमागे दोन रुपये कमी करून घेतल्याचा आनंद तेव्हा कोठल्या कोठे गेलेला असतो.

भाव करण्यात आमचा व्यापारी कोणाला हार जाणार नाही. परंतु माल केव्हा, किती आणि कोठून मागवायचा, याचा हिशेब तो डोक्यात ठेवतो, वहीत नाही. आमच्या मते खरे नुकसान येथेच होते.

नागपूरला हा विचार नवा नाही. जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल मुंबईत न काढता नागपुरात काढली. १ जानेवारी १८७७ रोजी ती सुरू झाली. कापूस विदर्भात पिकणारा, कोळसा वरोऱ्याचा आणि रेल्वे १८६७ मध्येच येथे पोहोचलेली, असा त्यामागचा हिशेब होता. मिल २००२ मध्ये बंद पडली, पण हिशेब जुना झालेला नाही. मालाची किंमत म्हणजे केवळ बिलावरचा भाव नव्हे. भाडे, हमाली, वाट पाहण्यात गेलेले दिवस आणि गोदामात अडकलेले भांडवल हेही त्यात धरावे लागते.

लहान कारखानदाराने निदान तीन गोष्टी कराव्यात.

पहिली, माल संपल्यावर मागवू नये. समजा रोज ४० चेन लागतात आणि मागणी दिल्यापासून माल हाती येण्यास ६ दिवस लागतात. म्हणजे २४० चेन तेवढ्यातच खर्च होणार. गाडीला उशीर झालाच तर म्हणून आणखी ३ दिवसांच्या १२० धरा. साठा ३६० वर आला की त्याच दिवशी मागणी गेली पाहिजे.

दुसरी, सर्व माल एकाच मापाने मोजू नये. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील एच. फोर्ड डिकी यांनी १९५१ मध्ये मालाची किमतीप्रमाणे अ, ब, क अशी वर्गवारी मांडली. कापड हा आपला 'अ' माल. त्यात पैसा जास्त अडकतो, म्हणून ते थोडे थोडे घ्यावे व रोज मोजावे. चेन, बटण, दोरा हा 'क' माल. तो स्वस्त, पण त्यावाचून काम अडते, म्हणून तो भरपूर ठेवावा. आम्ही नेमके उलट करतो.

तिसरी, ईदची मागणी इंग्रजी तारखेवर देऊ नये. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते, त्यामुळे ईद दरवर्षी सुमारे १० ते ११ दिवस आधी येते. गेल्या वर्षीच्या तारखेलाच कापड मागवणाऱ्याचे तेवढे दिवस हातचे जातात. शिवाय हळूहळू ऋतूही बदलतो आणि कापडाची पसंतीही. म्हणून खरेदीची वही रजब, शाबान या महिन्यांवर ठेवावी.

काही तरुण म्हणतात, जपानच्या टोयोटाप्रमाणे साठा ठेवूच नये, लागेल तसा माल आणावा. पण टोयोटाला माल देणारे वेळेचे बांधलेले असतात. आपल्याकडे तशी हमी कोण देतो? २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा रस्ते बंद होण्याचा अर्थ सर्वांनाच कळला.

साठा करणे म्हणजे साठेबाजी, अशीही शंका कोणी घेईल. हजरत युसूफ (अ.स.) यांनी सुकाळाच्या सात वर्षांत धान्य राखून दुष्काळात लोकांना जगवले. ते नियोजन होते. भाव चढावा म्हणून लोकांच्या गरजेचा माल अडवून ठेवणे हा एहतिकार. इस्लामने त्याला मनाई केली आहे. दोहोंतील फरक हेतूचा आहे.

सूरह बकराहमध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे. जो दुसऱ्याचे देणे लिहितो, त्याने आपल्या गोदामातील माल लिहिण्यास आळस का करावा? आज रात्री दुकान वाढवण्यापूर्वी एक वही उघडा आणि आपल्याकडे काय, किती उरले आहे ते मोजून लिहा. अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो.