घरांतलें रसायन : काडेपेटी आणि उंदरांचें औषध

उल्हासनगर कॅम्प २ येथील एका वाचकभगिनींनीं एकाच पत्रांत दोन प्रश्न पाठविले आहेत. पहिला त्यांच्या मुलाच्या पुस्तकांतला : फॉस्फरस हें मूलद्रव्य एकच, तर पांढरा फॉस्फरस पाण्याखालीं बुडवून ठेवावा लागतो आणि तांबडा बरणींत खुशाल राहतो, हें कसें? दुसरा त्यांच्या काळजीचा : धाकट्या जाऊबाईंचें दीड वर्षाचें मूल देवघरांतील काडेपेटीची कड चोखतांना सांपडलें, त्यापासून कांहीं अपाय आहे काय? बाईंना हे प्रश्न निरनिराळे वाटले. वस्तुतः दोहोंचें उत्तर एकाच ठिकाणीं आहे.

फॉस्फरसच्या अणूच्या बाहेरच्या कक्षेंत पांच इलेक्ट्रॉन असतात. आठ पुरे करावयास तीन कमी पडतात, म्हणून तो तीन शेजाऱ्यांशीं इलेक्ट्रॉनांची एकेक जोडी सामाइकींत ठेवतो. दोन घरांमधील सामाइक विहिरीप्रमाणें ही जोडी दोघांचीही असते. यालाच सहसंयुज बंध म्हणतात.

पांढऱ्या फॉस्फरसमध्यें चार अणूंनीं हा व्यवहार आपसांतच उरकलेला असतो. ताटांत तीन लाडू एकमेकांस टेकवून ठेवावे व मधल्या खोबणींत चौथा बसवावा. प्रत्येक लाडू बाकीच्या तिघांना टेकतो. तसा हा रेणु. घाट मोठा सुबक. पण त्यांतील प्रत्येक कोन साठ अंशांचा पडतो, आणि या अणूच्या बंधांना साधारणतः शंभर अंशांच्या आसपासची मोकळीक लागते. बांबू वाकवून बांधून ठेवावा तसा ताण त्या रेणूंत कायम असतो. म्हणून सुमारें तीस अंश सेंटिग्रेडला, म्हणजे आपल्या चैत्रांतल्या दुपारीं, तो हवेंत आपोआप पेट घेतो. शिवाय हे रेणु सुटे सुटे, एकमेकांशीं त्यांचें नातें पातळ. त्यामुळें ४४ अंशांना तो वितळतो, आणि तेलातुपांतही थोडाबहुत विरघळतो. शहाडच्या रेयॉन कारखान्यांत लगद्याचा धागा करण्यासाठीं जें कार्बन डायसल्फाइड लागतें, त्यांत तर तो सहज विरून जातो.

हाच पदार्थ हवा लागूं न देतां अडीचशें अंशांच्या वर तापवीत ठेवला, कीं त्या चौकडींतला एकेक बंध सुटतो व मोकळा झालेला हात शेजारच्या चौकडीला धरतो. अशी सांखळी वाढत जाऊन अगणित अणूंचें एकच अवाढव्य जाळें होतें. ताण उतरला; सुटा रेणु उरलाच नाहीं. हाच तांबडा फॉस्फरस. तो कशांत विरघळत नाहीं, आणि पेटण्यास सुमारें अडीचशें अंश उष्णता मागतो. व्हिएन्नाच्या श्रोटर यांनीं १८४० नंतरच्या दशकांत ही गोष्ट सिद्ध केली.

त्यापूर्वीं काड्यांच्या टोकांवर पांढरा फॉस्फरसच लावीत. त्याची वाफ दिवसेंदिवस घेणाऱ्या कामकरी स्त्रियांच्या व मुलांच्या जबड्याचें हाड कुजे. चेहरा कायमचा विद्रूप होई, पुष्कळदा जीवही जाई. निर्धोक तांबडा ठाऊक असूनही हें पन्नासाहून अधिक वर्षें चाललें, कारण पांढरा स्वस्त पडे! अखेर १९०६ सालीं बर्न येथें राष्ट्रांनीं बंदीचा करार केला, आणि हिंदुस्थानांत १९१३ च्या कायद्यानें पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या बंद झाल्या. आपल्या शेजारीं अंबरनाथला विमको कंपनीचा कारखाना निघाला तो त्यानंतर, १९२० च्या दशकांत.

आजच्या पेटींत तांबडा फॉस्फरस कडेच्या पट्टीवर, आणि काडीच्या टोकाला पोटॅशियम क्लोरेट असतें. तेव्हां बाळानें पट्टी चोखली म्हणून घाबरण्याचें कारण नाहीं. तें जाळें पोटांत विरघळत नाहीं. मात्र पुष्कळ टोकें चावून गिळलीं असतील तर क्लोरेटासाठीं डॉक्टरांस दाखवावें.

परंतु बाईंनीं न विचारलेली एक गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. उंदीर मारण्याचीं जीं मलमें नळींतून मिळत आलीं आहेत, त्यांपैकीं कांहींत शेंकडा तीन या प्रमाणांत पिवळा फॉस्फरस असतो. पिवळा म्हणजे किंचित् मळलेला पांढराच. तीच सुटी चौकडी. ती चरबींत विरघळते, आंतड्यांतून रक्तांत जाते आणि यकृताचा नाश करते. प्रौढ माणसासही सुमारें साठ मिलिग्रॅम, म्हणजे दोन ग्रॅम मलमांतला अंश, प्राणघातक ठरूं शकतो. लहान मुलाला त्याहून कितीतरी कमी पुरे.

त्यांतही फसवें असें कीं, पहिल्या दिवशीं वांत्या व पोटदुखी होते, मग एकदोन दिवस रोगी बरा दिसतो, घरचे निश्चिंत होतात, आणि नंतर कावीळ उमटते. या विषावर नेमका उतारा नाहीं. म्हणून मधल्या बऱ्या दिवसांवर विश्वास ठेवूं नये, पहिल्याच तासांत रुग्णालय गांठावें. विष गेलें कीं दूध किंवा तूप पाजण्याची आपल्या घरांत जुनी चाल आहे. येथें ती घातक आहे, कारण स्निग्धांशांत हा रेणु विरघळून अधिकच वेगानें शोषला जातो. घरच्या घरीं वांति करविण्याच्या खटपटींतही पडूं नये. मलमाची नळी, रिकामी असली तरी, बरोबर न्यावी, आणि किती वाजतां व अंदाजें किती गेलें तें डॉक्टरांना सांगावें.