दुष्काळाच्या बांधावर सहल

श्रीपूरचा माणूस सुट्टीला महाबळेश्वर गाठतो. पंढरपूर ओलांडून मोहोळ तालुक्यातल्या आष्टी तलावाकडे मात्र क्वचितच वळतो.

हा तलाव म्हणजे दुष्काळी काम. १८७६-७७ मध्ये पाऊस दगा देऊन गेला आणि हजारो माणसं डोक्यावर पाटी घेऊन मातीचा बांध रचू लागली. त्यांना पोटापुरतीही मजुरी नव्हती. मुंबई इलाख्यात १८७७ साली ती आणखी कापली गेली, तेव्हा मजुरांनी काम सोडलं आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू घेतली.

अमेरिकेनंही मंदीत हाच मार्ग धरला. १९३३ ते १९४२ या काळात सुमारे तीस लाख बेकार तरुणांनी उद्यानं, पायवाटा, दगडी निवारे उभारले. महिना तीस डॉलर, त्यातले पंचवीस घरी. तिथे आज लोक मुक्कामाला जातात, बांधणाऱ्यांचं नाव घेतात.

आपल्याकडे १९७२च्या दुष्काळात खडी फोडलेली पिढी अजून घराघरांत आहे (आणि दुष्काळी कामावर मिळालेल्या सुकडीची चवही विसरलेली नाही). त्यातल्या एखाद्या आजीला यंदाच्या हिवाळ्यात आष्टी तलावावर सोबत न्या. पक्षी पाहायला दुर्बीण घ्या, भाकरी बांधा आणि प्लास्टिक परत आणा.